उकरलेले वारूळ आणि ‘शाश्वत’ गाव

प्रश्न : मी पुण्यात पर्यावरणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मार्चअखेरीस आम्ही सहा विद्यार्थी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावी चार दिवस राहून आलो. ‘वन्यजीवांच्या सान्निध्यातील शाश्वत गाव’ हा आमच्या प्रकल्पाचा विषय आहे. मात्र पवनचक्क्या किंवा पर्यावरणपूरक घरांची वसाहत असे काही आम्हाला तेथे आढळले नाही; इतर गावांसारखीच कौलारू घरे, मोटारसायकली आणि मोबाइल होते. जंगलात तीनदा जाऊनही एक उकरलेले वारूळ, थोडी विष्ठा आणि पाखरे यांपलीकडे काही दिसले नाही. अशा गावाला अहवालात ‘शाश्वत’ म्हणावे का, आणि प्राणी दिसलेच नसताना वन्यजीवांविषयी काय लिहावे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शाश्वत अवश्य म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु त्याची कारणे घरांच्या बांधणीत शोधू लागलात, तर हाती काही लागणार नाही. धानोरा तालुक्यातील हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचे व्यवस्थापन स्वतः करते, आणि त्याविषयीचे निर्णय बहुमताने घेत नाही. एकाचीही हरकत असेल, तर तो विषय पुढे ढकलला जातो, त्यावर अभ्यासगटात पुन्हा चर्चा होते आणि सर्वांची सहमती झाल्यावरच निर्णय होतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा आपण ऐकली असेलच. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि त्यांच्या सोबतीने अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत १९८०च्या दशकापासून चिकाटीने रुजवली, म्हणूनच ती घोषणा भिंतीपुरती राहिली नाही.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क, मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. हक्क मिळाला तरी बांबू विकण्याचा प्रश्न सुटला नव्हता, कारण माल जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती नव्हता. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत २७ एप्रिल २०११ रोजी परवाना पुस्तक ग्रामसभेला मिळाले, तेव्हा कुठे तो हक्क प्रत्यक्षात आला. ही तारीख आपल्या अहवालात असायलाच हवी. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, बांबू काढायचा आहे, तो कोवळे बांबू राखून जुनेच तोडतो. एका हंगामापुरत्या आलेल्या ठेकेदाराला तशी गरज वाटत नाही. शाश्वततेची याहून सोपी व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

मधाचे उदाहरणही पाहा. आग्या मोहोळाचा मध काढताना पूर्वी सर्वत्र धूर आणि जाळ करत, त्यात असंख्य माश्या मरत आणि अंडी-अळ्यांसकट सारे पोळे पिळले जाई. मेंढ्याच्या लोकांनी अहिंसक पद्धत शिकून घेतली. अंगभर पोशाख आणि तोंडावर जाळी घालून रात्री झाडावर चढायचे, पोळ्याचा केवळ मध साठवलेला भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग जागच्या जागी ठेवायचा. माश्या पोळे सोडून जात नाहीत आणि कापलेला भाग पुन्हा बांधतात.

आता आपल्या वारुळाविषयी. ‘काही दिसले नाही’ या वाक्यात आपण ते ओझरते उरकले आहे, याची मला खरोखर हळहळ वाटली, कारण चार दिवसांतील आपली सर्वांत मोलाची नोंद तीच असावी. मार्चअखेर हा मोहफुलांचा हंगाम असतो. पहाटे झाडाखाली मोहाचा सडा पडतो, तो वेचायला बायामाणसे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच निघतात आणि त्याच फुलांसाठी, त्याच अंधारात अस्वलही येते. वाळवी हे त्याचे दुसरे आवडते अन्न. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. नखांनी वारूळ फोडायचे, माती फुंकून टाकायची आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी आत ओढून घ्यायची, अशी त्याची रीत असते. वारुळाच्या कडेला नखांचे समांतर ओरखडे होते का, आतली माती ओलसर होती की उन्हाने सुकून फिकी पडली होती, विष्ठेत मोहफुलांचे अवशेष किंवा वाळवीची डोकी होती का, हे आपल्या छायाचित्रांत पुन्हा तपासून पाहा. खूण अस्वलाची आहे की नाही आणि ती किती ताजी आहे, हे त्यावरून बरेचसे कळेल. छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवलेली नसेल, तर आकाराचा अंदाज करून लिहू नका. तेवढी उणीव मोकळेपणाने नोंदवा.

अहवालात आणखी एक बाजू यायला हवी. ताडोब्याच्या जिप्सीतून वाघ पाहणारा पर्यटक काही तासांत परत फिरतो. मोह वेचणारी बाई मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाखाली वाकलेली असते. गडचिरोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत वाघ वाढले, तसे माणसांवरील हल्लेही वाढले, आणि २०२१ साली छत्तीसगडमधून आलेल्या हत्तींच्या कळपाने ठिकठिकाणी धानाचे नुकसान केले. वन्यजीवांच्या ‘सान्निध्या’चा हा भार गावकरी सोसतात. तो गाळून केवळ निसर्गरम्य वर्णन केले, तर ज्यांनी आपल्याला चार दिवस घरात ठेवून घेतले, त्यांच्यावर अन्याय होईल. मोहाखालचा पालापाचोळा साफ करण्यासाठी लावलेली आग कधीकधी जंगलात पसरते, हा प्रश्नही टाळू नका. त्यावर ग्रामसभेत कधी काय बोलणे झाले, ते फोन करून विचारता येईल.

शेवटी एक विनंती. अहवाल महाविद्यालयात सादर करण्यापूर्वी त्याची मराठीतील एक प्रत ग्रामसभेकडे पाठवा आणि ती बैठकीत वाचून दाखवण्याची विनंती करा. वारुळाचे छायाचित्रही त्यासोबत जोडा. ते किती दिवसांपूर्वी उकरलेले होते, हे सांगणारे कोणी ना कोणी त्या बैठकीत नक्की असेल.