वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे पोकर आणि टेबलावरचे पोकर

प्रश्न : गेली चार वर्षे मी ऑनलाइन पोकर खेळतो आणि एकूण हिशेबात थोडाफार फायद्यात आहे. अलीकडे सहा रात्री मी प्रत्यक्ष टेबलावर बसलो आणि त्यांपैकी चार रात्री हरून उठलो. माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, की ज्याला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही त्याला पोकर येतच नाही. मग खरे कौशल्य कोणाकडे असते?

उत्तर : आधी आपल्या सहा रात्रींचे पाहू. प्रत्यक्ष टेबलावर डीलरला पत्ते पिसावे लागतात, वाटावे लागतात, चिप्स मोजाव्या लागतात; त्यामुळे तासाला साधारण पंचवीस ते तीस डावच होतात. रोज पाच तास धरले तरी आपले फार तर नऊशे डाव झाले असतील, आणि तेवढे डाव ऑनलाइन चार टेबले एकदम उघडून एका दुपारी उरकतात. नो-लिमिट होल्डेममध्ये (कितीही रक्कम लावता येणाऱ्या पोकरच्या प्रकारात) शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना दोघांना लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमांपैकी, म्हणजे ब्लाइंडपैकी, मोठी रक्कम) कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायला हवा, परंतु त्याच शंभर डावांतला चढउतार नव्वद बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. हे गणित पुढे नेले, तर ३०,००० डाव, म्हणजे प्रत्यक्ष टेबलावरचे तब्बल १,००० तास खेळूनही असा खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता साधारण सहात एक इतकी उरते. तेव्हा त्या चार रात्रींवरून स्वतःविषयी कोणतेही मत बनवू नका.

आपल्या स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते चेहऱ्याला फार मोठे स्थान देतात. समोरच्याने कोणत्या जागेवरून (म्हणजे चालीच्या कोणत्या क्रमावरून) डावात प्रवेश केला, फ्लॉपवर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) किती लावले आणि रिव्हरवर (शेवटचा सामाईक पत्ता उघडल्यावर) अचानक का थांबला, ही माहिती सर्वांत मोलाची असते आणि ती दोन्हीकडे सारखीच मिळते. नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाडने १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःचे पत्ते फक्त एकदा पाहून जिंकली होती. तिचा सारा खेळ टेबलावरची जागा आणि इतरांच्या चाली यांवर चालला होता. हीच मुलगी २००७ साली लंडनमध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा प्रत्यक्ष टेबलावर जिंकली. शिवाय देहबोली फसवीही असते. चिप्स पुढे सरकवताना एखाद्याचा हात थरथरला, की नवखा त्याला भीती समजून कॉल करतो, म्हणजे तेवढीच रक्कम लावतो. अनुभवी माणूस मात्र सहसा पत्ते टाकून देतो, कारण तो थरकाप बहुधा फार चांगले पत्ते हाती आल्याचा असतो.

एकाच रकमेच्या टेबलावर तुलना केली, तर सरासरी ऑनलाइन खेळाडू अधिक कसलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. डीलरचा पगार आणि जागेचा खर्च निघावा लागतो म्हणून प्रत्यक्ष टेबल फार स्वस्त ठेवता येत नाही. परिणामी एक-दोन डॉलर ब्लाइंडचे टेबल हीच तिथली पहिली पायरी ठरते, आणि तिच्यावर संध्याकाळ मजेत घालवायला आलेली माणसेही बसतात. ऑनलाइन खेळाची सुरुवात काही सेंटांपासून होते, त्यामुळे त्याच एक-दोन डॉलरपर्यंत पोहोचलेला खेळाडू बऱ्याच पायऱ्या चढून आलेला असतो. त्यातच एक चांगला खेळाडू एका वेळी अनेक टेबलांवर जागा अडवून बसतो, हेही विसरू नये.

डग पोल्क आणि डॅनियल नेग्रानू यांचा २५,००० डावांचा दुरंगी सामना या संदर्भात आठवतो. पोल्क हा ऑनलाइन दुरंगीतला मुरलेला खेळाडू, तर नेग्रानू प्रत्यक्ष टेबलावरचा नामवंत. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिले २०० डाव समोरासमोर झाले, आणि त्यांत नेग्रानूने एक लाखाहून अधिक डॉलर जिंकले. उरलेले डाव ऑनलाइन झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सामना संपला, तेव्हा पोल्क सुमारे बारा लाख डॉलरने पुढे होता. ते पहिले २०० डाव म्हणजे चेहरा वाचण्याचा विजय, असे म्हणणे मला पटत नाही; इतक्या थोड्या डावांत कोणीही पुढे जाऊ शकतो. पोल्कला तारले ते दुरंगी खेळाच्या प्रदीर्घ सरावाने.

प्रश्न : मग ऑनलाइन खेळाडूने प्रत्यक्ष टेबलावर बसण्यापूर्वी काय शिकावे?

उत्तर : सर्वप्रथम चिप्स हाताळायला शिकावे. पडद्यावर पॉटची, म्हणजे डावात जमलेली, रक्कम लिहिलेली असते, इथे ती मनात जुळवत राहावी लागते. तोंडाने काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली, तर ती रेझ (रक्कम वाढवणे) न धरता कॉल धरली जाते. तसेच आधी काही न सांगता चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या, तर दुसरा हप्ता डीलर परत करतो. म्हणून आधी रक्कम बोलावी आणि मगच हात पुढे करावा.

दुसरी गोष्ट धीराची आहे, आणि माझ्या मते ऑनलाइन खेळाडू इथेच सर्वाधिक पैसे गमावतात. चार टेबलांची सवय असलेल्याला तासाला तीस डाव रटाळ वाटतात आणि तो कंटाळून एरवी फेकले असते असे पत्ते खेळू लागतो. पत्ते फेकल्यावर फोन काढू नका. उरलेल्या दोघांत कोण किती लावतो ते पाहा आणि शेवटी उघडलेले पत्ते लक्षात ठेवा, कारण आकडे दाखवणारी चौकट इथे कोणाच्याही नावाशेजारी नसते.