घडीच्या सायकलला मोटर बसवण्याआधी

किती वॅटची मोटर, हा प्रश्न नंतर. आधी पट्टी घ्या आणि पुढच्या फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. साध्या सायकलला ते बहुधा 100 मिमी असतं. ब्रॉम्प्टनला आणि घडीच्या इतर बऱ्याच सायकलींना 74 मिमी. नेहमीचं हब मोटरचं (चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरचं) किट 100 चं. फोर्क ताणून ते कोंबू नका, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर अजिबातच नाही. फोर्क स्टीलचा असला तरी टॉर्क आर्म, म्हणजे चाकाचा एक्सल फिरू न देणारी धातूची पट्टी, लावाच. मोटर जोर लावते तेव्हा एक्सल उलटा फिरू पाहतो आणि तो बसतो ती फोर्कची खाच फाकली की चाक निसटतं.

किट मागवताना चाकाचं माप सांगा. 26 इंची चाकासाठीची मोटर 20 इंचीत टाकली की ताशी 25 चा वेग 19 वर येतो. चढाला मात्र ती जास्त जोरात ओढते, त्यामुळे घाटाकडे राहणाऱ्यांना मी तीच सुचवेन.

बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची पुरे. पेडल मारत राहिलात तर तीसेक किलोमीटर जाल. त्याहून मोठी कशाला? जिना चढताना उचलायची तुम्हालाच आहे! बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं सर्किट) नसलेला स्वस्त पॅक फुकट दिला तरी नको.

वायर बिजागरीपाशी सैल ठेवा. सायकल पूर्ण मिटवून-उघडून पाहा, मगच टाय आवळा. मोटर 250 वॅटच्या आणि वेग 25 च्या आत ठेवलात की आरटीओची भानगड नाही.