गिरगावची खोली: 42 लाख घ्यावेत की थांबावं?

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात असं. गिरगावात दुसऱ्या मजल्यावर वडिलांची 160 चौरस फुटांची पगडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली खोली. 2018 मध्ये पालिकेची 354 ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागली, बिऱ्हाडं हलली. बिल्डरने तीन वर्षं बाहेरच्या घराचं भाडं दिलं, मग चेक यायचे थांबले. इमारत अजून पाडलेलीही नाही. टेकूंवर उभी आहे, जिन्याच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आलाय. वाचक 57 वर्षांचे, पुढच्या वर्षी निवृत्ती, पीएफचे 36 लाख, डोंबिवलीत 15,000 रुपये भाडं. एजंट खोलीचे 42 लाख सांगतोय, ‘इमारत पडली की हक्क गेला’ अशी भीतीही घालतोय. चाळकमिटी नवा बिल्डर आणायला घरटी 3 लाख मागतेय. विकावं, भरावं की नुसतं थांबावं?

आधी ती भीती काढून टाका. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच म्हटलंय. एजंटाला घाई असेल, तुम्हाला नाही.

आता 42 लाख. हे नक्की कोणाचे? भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर करायला मालकाची संमती लागते आणि तो त्याचा हिस्सा घेतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडीचा व्यवहार अधिकृत केला, पण मालकाचा वाटा किती हे बोलण्यावरच राहिलं. तिसरा हिस्सा गेला तर तुमच्या हातात 28 लाख. एजंट तुम्हाला म्हणाला, ‘मालकाचं आम्ही बघू’. मग बघू दे, पण करारात मालकाची सही घेऊन. तोवर टोकनलाही हात लावू नका.

पत्रात जाता जाता एक ओळ आहे: पावती अजून वडिलांच्याच नावावर. मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली. वडील गेले तेव्हा त्यांच्यासोबत खोलीत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण येतं. तुम्ही राहत होतात, तेव्हा तुमची बाजू भक्कम. पण लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या बहिणीने उद्या हरकत घेतली तर प्रकरण कोर्टात जाईल आणि गिऱ्हाईक पळेल. आज तिच्याशी गोडीगुलाबीने बोलून ना-हरकत लिहून घ्या. पैसे दिसायला लागल्यावर हेच बोलणं अवघड होतं, मी अशी दोन घरं बघितली आहेत.

हिशेब मी तुमच्या भाड्यापासून सुरू करतो. 15,000 म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. दरवर्षी 6 टक्के वाढ धरली तर वीस वर्षांत साधारण 66 लाख रुपये नुसत्या भाड्यात जातील. पीएफ 36 लाख. म्हणजे निवृत्तीतला तुमचा खरा प्रश्न गिरगाव नसून हे भाडं आहे. म्हणून मालकाचा वाटा वगळून हातात 38-40 लाख येत असतील तर विका आणि डोंबिवलीतच, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या इमारतीत, वन बीएचके घ्या. करही वाचेल: भाडेहक्काच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो, 40 लाखांवर 5 लाखांच्या घरात. पण पूर्ण रक्कम मुदतीत राहत्या घरात घातली तर सूट मिळते. अटी सीएकडून तपासून घ्या. आणि हातात 28 च येणार असतील तर विकू नका. त्यात घर बसत नाही, मग पीएफ मोडाल आणि दोन्हीकडून रिकामे व्हाल.

तुम्ही लिहिता, गिरगाव सोडवत नाही. कळतं. पण गिरगाव सुटून सात वर्षं झाली हो.

तीन लाखांना माझा सरळ नकार. रोखीत, पावतीशिवाय, कमिटीच्या कुणाच्या तरी हातात? भाडेकरूंची सोसायटी नोंदलेली आहे का, 51 टक्के संमतिपत्रं जमली आहेत का, जुन्या बिल्डरची म्हाडाची एनओसी अजून चालू आहे की रद्द झाली, ही तीन उत्तरं कागदावर मागा. उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीचं काम बिल्डरने अर्धवट सोडलं, भाडं थकवलं तर ती ताब्यात घेण्याची तरतूद म्हाडा कायद्याच्या 91-अ कलमात आहे. त्या अर्जाला घरटी तीन लाख लागत नाहीत. नवा बिल्डर खरोखर उत्सुक असेल तर तो भाडेकरूंना पैसे देतो, त्यांच्याकडून घेत नाही.

थांबायचं ठरलं तर थांबणं स्वस्तात पडलं पाहिजे. नवीन घर, किमान 300 चौरस फुटांचं, मिळालं तर मिळालं. तुमच्या निवृत्तीच्या तक्त्यात मी त्यापुढे शून्य लिहिलंय. खोलीचं महिन्याचं भाडं मालक घेत नसेल तरी चेकने, स्पीड पोस्टाने पाठवत राहा. जुन्या पावत्या, बेस्टचं लाइटबिल आणि घर रिकामं करताना पालिकेने नोंदवलेलं क्षेत्रफळ, यांच्या प्रती एका फाइलला लावा आणि त्यातला एक संच मुलीकडे ठेवा.