सात वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला?

प्रश्न: मी अमळनेरला शिक्षक आहे. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, ११९७ सीसी. नावावर मिसेसच्या, चालवतो मी. त्यांच्याकडे लायसन्स नाही. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही, नो क्लेम बोनस ५० टक्के आहे. रिन्युअलला एजंटने सगळी ॲड-ऑन (जादा कव्हर) धरून १०,५६२ रुपये सांगितले. साधं फुल इन्शुरन्स ६,८९२ आणि नुसतं थर्ड पार्टी ४,४१४. शालक म्हणतात, जुन्या गाडीला कशाला फुल, थर्ड पार्टी टाका आणि मोकळे व्हा. काय करावं?

उत्तर: सर, शालकांचं गणित पत्र्यापुरतं बरोबर आहे. पण त्यांनी गाडीत बसणारी माणसं धरली नाहीत, आणि एजंटनेही नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन आधी फोडून पाहू. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारने ठरवलेला आहे. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी हाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ४,२०० होता, तो नो क्लेम बोनसच्या सवलतीमुळे २,१०० झाला. मालक-चालक अपघात विमा ३२५. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे फुल आणि थर्ड पार्टी यांतला फरक २,४७८ रुपयांचा. निर्णय एवढ्याच रकमेचा आहे.

या रकमेत चोरी, आग, पूर, वादळ आणि अपघातातली मोडतोड येते, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा माणूस: पायी जाणारा, मोटरसायकलवाला, समोरच्या गाडीतला. तुमच्याच गाडीत मागे बसलेले काका-काकू कायद्याच्या किमान पॉलिसीत येत नाहीत. फुल, म्हणजे पॅकेज पॉलिसीत ते येतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलंय. लग्नसराईत आपल्याकडे पाचजणांच्या गाडीत सातजण बसून सुरतेला जातात (हे करू नकाच). नुसतं थर्ड पार्टी असताना पारोळ्यापुढे काही झालं, तर त्या नातेवाइकांची भरपाई न्यायाधिकरण गाडीमालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. मालक कोण, तर तुमच्या मिसेस. ही एकच गोष्ट माझ्यासाठी पुरेशी आहे. फुल ठेवा.

आता ते ३२५ रुपये. मालक-चालक अपघात विमा १५ लाखांचा असतो आणि तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. मिसेसकडे लायसन्स नाही, त्यामुळे हा विमा त्यांच्यावर सक्तीचाही नाही आणि उपयोगाचाही नाही. तुम्ही चालवता, पण मालक नाही, म्हणून तुम्हालाही मिळणार नाही. दुसऱ्याची गाडी चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो, म्हणून तुमची स्वतःची चूक असेल तर थर्ड पार्टीतूनही काही नाही. मिसेस शेजारच्या सीटवर असल्या तरी स्वतःच्याच गाडीच्या मालक, त्या स्वतःविरुद्ध दावा कसा लावणार? म्हणजे गाडीतल्या इतरांची सोय आहे आणि घर चालवणारे दोघेच उघड्यावर. एजंटला हे लेखी कळवून ३२५ काढायला सांगा आणि दोघांच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्या, ज्यात कायमच्या अपंगत्वाचीही भरपाई असेल. बँकेतून २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २ लाखांची आहे. ती असू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका.

झिरो डेपवर, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणाऱ्या ॲड-ऑनवर, मात्र शालकांच्या बाजूने बोलतो. आपल्या भागात नेहमीचा मोठा क्लेम म्हणजे रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं येणं, नाहीतर कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीला मागून ठोकणं. समजा रोही धडकलं आणि गॅरेजने ६२,००० चं बिल दिलं: बॉनेट वगैरे धातूचे भाग १८,०००, बंपर-हेडलाइट-ग्रिल १९,०००, काच ६,०००, रंग ८,०००, मजुरी ११,०००. सात वर्षांच्या गाडीला धातूवर ४० टक्के घसारा (जुनेपणापोटी भरपाईतून होणारी कपात), प्लास्टिकवर ५०, काचेवर काही नाही. रंगाच्या बिलाचा पाव भाग माल धरून त्याच्या निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते. शेवटी प्रत्येक क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हातात येतात ४३,३००, खिशातून जातात १८,७००.

झिरो डेप असतं तर त्यातले १७,७०० वाचले असते. पण त्यासाठी दरवर्षी जीएसटीसह २,२६६ भरायचे. आठ वर्षांत एकदा असा दणका बसला तर बरोबरी होते. तुमची गाडी आणखी आठ वर्षं तुमच्याकडे राहणार आहे का? गाडी नवी असती आणि हप्त्यांवर असती तर मी उलट सांगितलं असतं. त्यापेक्षा २०,००० रुपये गाडीच्या नावाने एफडीत टाका.

तीच गत छोट्या क्लेमची. बाजारात कुणी बंपर घासला, बिल ८,००० झालं (बंपर ३,८००, रंग ३,०००, मजुरी १,२००), तर वरच्या हिशेबाने कंपनी ४,७२५ देईल. पण पुढच्या रिन्युअलला बोनस ५० वरून शून्यावर. मग २०, २५, ३५, ४५ असं चढत परत ५० गाठायचं. ४,२०० चा हप्ता स्थिर धरला तर या वाटेत जीएसटीसह ६,१९५ रुपये जास्त जातात. गॅरेजवाला म्हणेल, ‘सर, क्लेम टाकून देऊ ना, तुमच्या खिशातून काय जातंय!’ ऐकू नका. दहा हजारांच्या आतलं काम रोखीने करून घ्या. थर्ड पार्टीच्या दाव्याने हा बोनस जात नाही, त्यामुळे कुणाला लागलं असेल तर जागेवर पैसे देऊन मिटवण्याच्या भानगडीत न पडता पोलिसांना आणि कंपनीला कळवा.

ॲड-ऑनमधलं मी फक्त इंजिन प्रोटेक्ट घेईन, ६४० अधिक जीएसटी, म्हणजे ७५५. चाळीसगावात ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तितूर-डोंगरी नद्यांना आलेला पूर तुम्हाला आठवत असेल. त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. पाण्यात बुडालेली गाडी फुल इन्शुरन्समध्ये येते, पण बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा चालू करायला जाऊन इंजिनात पाणी ओढलं गेलं की कंपनी हात वर करते, आणि तो खर्च पत्र्याच्या कामाहून कितीतरी मोठा असतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबणं हा पहिला विमा. तरीही अडकलात, तर किल्ली फिरवायची नाही, गाडी टोचन करायची. काही कंपन्या हे कव्हर झिरो डेपशिवाय देत नाहीत. तसं असेल तर दुसऱ्या कंपनीचं कोटेशन मागवा, बोनस तुमच्याबरोबर येतो. चावीचं आणि रोडसाइडचं (रस्त्यात बंद पडल्यावरच्या मदतीचं) कव्हर सोडून द्या.

आयडीव्हीकडे, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीकडे, एक नजर टाका. पाच वर्षांनंतर ती तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये बहुतेकदा ३,२०,००० ची आयडीव्ही गुपचूप २,४०,००० केलेली असते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जाऊन टोटल लॉस झाली, तर हाच आकडा मिळतो. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर नोंद हवी. शेजाऱ्यांना पैसे घेऊन सप्तशृंगी गडावर किंवा शिर्डीला सोडत असाल तर ते बंद करा. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला की क्लेम नाकारायला कंपनीला वेगळं कारण लागत नाही.

तर नवा हिशेब: २,१०० अधिक ३,४१६ अधिक ६४०, जीएसटीसह ७,२६४. एजंटच्या आकड्यापेक्षा ३,२९८ कमी. त्यातून दोघांच्या अपघात विम्याची सुरुवात होईल. पॉलिसी संपायच्या आत पैसे भरा. एक दिवसाचा जरी खंड पडला तरी कंपनी गाडीची पाहणी मागते, आणि ९० दिवस उलटले की ५० टक्के बोनस गेला. एक वर्ष थर्ड पार्टीवर राहून पुढच्या वर्षी फुलवर येऊ, असं शालक सुचवतील तेव्हा त्यांना हे सांगा.