डिपॉझिट नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं, तर?

प्रश्न : मी जत तालुक्यातला. बायकोला आठव्या महिन्यात रात्री अचानक अंगावरून रक्त जाऊ लागलं. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. ३०० रुपये भरून केसपेपर काढला, पण ५० हजार डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल करणार नाही म्हणाले. तसंच सिव्हिलला नेलं, तिथं सिझर झालं. बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. रक्ताची पिशवीही बाहेरून विकत आणावी लागली. आमचं पिवळं रेशनकार्ड आहे. ग्राहक कोर्टात जाता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी धर्मादाय कार्यालयात, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात जा.

दवाखाना ट्रस्टचा आहे, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. अशा रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली आहे. त्यातल्या गरिबांच्या राखीव खाटा सगळ्यांना ठाऊक असतात. पण तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचं, जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि डिपॉझिट मागायचं नाही, हेही त्यातच आहे. रेशनकार्ड बघायचं ते नंतर. तेव्हा सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

ग्राहक आयोगासाठी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक कोर्टासाठी, दोन वर्षांची मुदत आहे. मात्र तिथं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा भाग) आधीच सुटली होती, उशिरानं काही बिघडलं नाही, असं समोरचा वकील म्हणणारच. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत लागेल. केसपेपरची पावती जिवापाड जपा. ‘हे आमच्याकडे आलेच नव्हते’ हा बचाव तिच्यापुढे टिकत नाही, आणि पैसे भरून तुम्ही त्यांचे ‘ग्राहक’ झालात याचा पुरावाही तीच. सिव्हिलच्या कागदांवर दाखल केल्याची वेळ असेल; लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा नियम आहे. सीसीटीव्हीचं चित्रीकरण मात्र पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं पत्र दवाखान्याला आजच द्या.

मेहुणे ‘दवाखान्यात जाऊन बघून घेतो’ म्हणत असतील, तर त्यांना घरीच बसवा. दवाखान्यात दमदाटी-मारहाण करणं हा राज्याच्या २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि मग तक्रारदार तुम्ही न राहता दवाखानेवाले होतील.

रक्ताचं बिल फाडू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला रक्त, औषधं, सिझर सगळं मोफत आहे. बाळावरचे उपचारही त्यातच येतात. परताव्याचा अर्ज सिव्हिलच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे करा, बिलाची झेरॉक्स जोडा.