सर्वाधिक प्रजातींना बक्षीस ठेवू नका

तुमचा प्रश्न असा: तालुक्यातले पक्षीनिरीक्षक जमवून वर्षभराचा नागरिक विज्ञान प्रकल्प चालवायचा आहे, तर माणसं किती लागतील, ॲप कोणतं वापरावं, आणि उत्साह टिकावा म्हणून सर्वाधिक प्रजाती नोंदवणाऱ्याला बक्षीस ठेवावं का?

तिसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच बिघडतात. बक्षीस ठेवू नका. स्मृतिचिन्ह नको, टी-शर्ट नको, ग्रुपवर ‘या आठवड्याचे मानकरी’सुद्धा नको. मी ज्या मंडळाच्या नोंदी तपासतो तिथे हा वाद दर हिवाळ्यात नव्याने उकरला जातो. बक्षिसाच्या बाजूचे लोक भले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांचं म्हणणं एवढंच की बक्षीस नसेल तर तरुण मुलं येणार नाहीत. बक्षीस असलं की मुलं येतात हे खरं; फक्त ती सगळी तळ्यावर येतात.

तालुक्यात एखादं धरण किंवा मोठं तळं असतंच. जानेवारीत तिथे एका सकाळी जेवढ्या प्रजाती होतात, त्याच्या निम्म्याही उसाच्या पट्ट्यात होत नाहीत. मग माळरान, ऊस, एमआयडीसी आणि गावठाण यांच्या वाट्याला कोण जाणार? समजा शंभर याद्या (एका जागी एका वेळी नोंदलेल्या पक्ष्यांची ती एक यादी) जमल्या आणि त्यातल्या साठ एकाच पाणथळीवरच्या निघाल्या, तर तुमच्या हिशोबात वारकरी आणि हळदी-कुंकू बदक हे तालुक्यातले सगळ्यांत सर्रास दिसणारे पक्षी ठरतील. बुलबुल त्यांच्या मागे राहील. मोजणाऱ्यांनी कुठे जायचं ठरवलं, एवढंच त्या आकड्यातून कळतं. पक्ष्यांबद्दल त्यात काही नसतं.

पुढची गडबड ओळखीत होते. तीरचिमण्या, भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं, हिवाळ्यात येणारे झुडपातले वटवटे, लांबून दिसलेले मोठे गरुड: इथे ‘नक्की प्रजाती सांगता येत नाही’ हेच कित्येकदा बरोबर उत्तर असतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर त्यासाठी ‘तीरचिमणी, प्रजाती अनिश्चित’ अशा धर्तीचे पर्याय दिलेले आहेत. पण अनिश्चित नोंद तुमच्या प्रजातींच्या आकड्यात धरली जात नाही. म्हणजे प्रामाणिक माणूस स्पर्धेत मागे पडतो आणि ठोकून देणारा पुढे जातो.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र नेहमीच्या पक्ष्यांचं होतं. कावळा, साळुंकी, घार, होला एकदा खात्यावर जमा झाले की त्यांना पुन्हा लिहून आकडा वाढत नाही, म्हणून ते यादीतून गळतात. लोक फक्त ‘चांगला’ पक्षी लिहायला लागतात. एकदा हे सुरू झालं की त्या माहितीचं करण्यासारखं काही उरत नाही. कारण एखादा पक्षी वाढला की घटला हे काढायची साधी रीत अशी: पूर्ण याद्या (म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या) किती झाल्या आणि त्यातल्या कितींमध्ये तो पक्षी आहे, त्याचं प्रमाण. चारशे पूर्ण याद्यांपैकी ऐंशीमध्ये नीलपंख असेल तर वीस टक्के. उरलेल्या तीनशेवीस याद्यांमध्ये तो नाही, म्हणजे तिथे तो खरंच दिसला किंवा ऐकू आला नाही, कंटाळा आला म्हणून लिहायचा राहिला असं नाही, याची खात्री हवी. ती खात्री गेली की टक्केवारी गेली.

‘कावळे मोजून काय मिळणार’ असं विचारणाऱ्यांना भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचे देशव्यापी अहवाल दाखवा. २०२० च्या अहवालात ८६७ प्रजातींचा आढावा होता, २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा, आणि दुसऱ्याच्या मागे ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी होत्या. चिमणी देशभरात संपत चालली आहे असं आपण सगळे वर्षानुवर्षं म्हणत होतो. २०२० च्या अहवालाने दाखवलं की एकंदरीत तिची संख्या बऱ्यापैकी स्थिर आहे, घट मोठ्या शहरांत आहे. उलट दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख तारेवर नेहमी दिसतो म्हणून कोणाच्या चिंतेत नव्हता, आणि त्याच्या घटीमुळे त्याचा जागतिक दर्जा पुन्हा तपासावा अशी शिफारस २०२३ मध्ये करावी लागली. दोन्ही गोष्टी कळल्या त्या साध्या पक्ष्यांच्या कंटाळवाण्या नोंदींमुळे.

आता माणसांचा हिशोब. नवी पद्धत शोधू नका, केरळच्या पक्षी-ॲटलासची, म्हणजे कोणता पक्षी कुठे आहे याच्या राज्यव्यापी नकाशांची, घ्या. २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी ते काम केलं. सुमारे २५,००० याद्या, जवळपास ३ लाख नोंदी, ३६१ प्रजाती. राज्याच्या ६.६ बाय ६.६ किलोमीटरच्या चौकटी पाडल्या, प्रत्येकीचे चार भाग केले आणि प्रत्येक भागातली १.१ किलोमीटरची एक उपचौकट चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली. त्या उपचौकटीत पंधरा मिनिटांच्या चार याद्या. वर्षातून दोन फेऱ्या, एक पावसाळ्यात आणि एक कोरड्या दिवसांत, प्रत्येकी साठ दिवसांची.

तुमचा तालुका हजार चौरस किलोमीटरचा धरला तर २३ चौकटी होतात, म्हणजे ९२ उपचौकटी आणि एका फेरीत ३६८ याद्या. निव्वळ निरीक्षणाचे ९२ तास. एक जोडी एका सकाळी दोन उपचौकटी उरकते, त्याहून जास्त नाही, कारण मधलं अंतर कच्च्या रस्त्याचं असतं आणि ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. म्हणजे ४६ सकाळी. साठ दिवसांत शनिवार-रविवार साधारण सतरा येतात. प्रत्येक जोडीने चार सकाळी दिल्या तर बारा जोड्या पुरतात. नावं मात्र सोळा जोड्यांची घ्या. हिवाळी फेरी लग्नसराई आणि परीक्षांच्या तोंडावर येते. जोडीत एकाला आवाजावरून पक्षी ओळखता आले पाहिजेत, दुसऱ्याला फक्त नीट लिहिता आलं तरी चालतं.

पावसाळी फेरी देशावर जुलैच्या मध्यापासून घेता येते, माळ हिरवा असतो आणि माळावरच्या चंडोलांची वीण चालू असते. घाटमाथ्यावर किंवा कोकणात तेव्हा धुक्यात काही दिसत नाही आणि पावसात काही ऐकू येत नाही. तिथे ऑगस्टचा उत्तरार्ध धरा आणि दरवर्षी त्याच तारखा पाळा.

उपचौकटी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून त्यांची केएमएल (नकाशावर उघडणारी) फाइल करा आणि प्रत्येकाच्या फोनच्या नकाशात टाकून द्या. इथे पहिला प्रश्न हमखास येतो: ‘आमची चौकट नुसत्या उसात आहे, शेजारी तलाव आहे, तिकडे केली तर?’ नाही. ऊस हाही तालुकाच आहे. चौकटीच्या आत कुठेही सरका, रस्ता, बांध, ओढा बघा, पण रेषा ओलांडायची नाही. लष्करी हद्द, कंपनीचं कुंपण किंवा खोल पाणी असेल तरच पर्यायी उपचौकट, आणि तीही आधीच काढून ठेवलेली. ती समन्वयक देईल, निरीक्षकाने निवडायची नाही. एवढी एक गोष्ट ढिली सोडली तर पुन्हा सगळे तळ्यावर.

ॲप ईबर्ड. स्वतःचं ॲप बनवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. दोन वर्षांत बनवणारा नोकरी बदलतो आणि माहिती अडकते. आदल्या रात्री घरच्या वायफायवर आपल्या भागाचा ऑफलाइन पॅक उतरवून घ्या. यादी जागेवर सुरू करायची, चाललेल्या वाटेचा माग ॲपमध्ये नोंदणं चालू ठेवायचं, पंधरा मिनिटं झाली की बंद. गाडीत बसून आठवणीने भरलेली यादी घेऊ नका. सूर्योदयापासून पहिल्या चार तासांत काम उरकायचं. चालत गेलात तर अंतर एका बाजूचंच मोजायचं, त्याच वाटेने परत आलात तर दुप्पट करायचं नाही. ऐकलेला पक्षी लिहायचा, उडत गेलेलाही लिहायचा.

शेवटी ॲप विचारतं की ही यादी पूर्ण आहे का. नवखे इथे प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण दोन पक्षी ओळखता आले नाहीत. त्यांना फेरीआधीच समजवा: तुम्हाला जे ओळखता आले ते सगळे लिहिलेत का, एवढंच विचारलं आहे. उत्तर ‘हो’. ‘नाही’ म्हटलेली यादी प्रमाण काढताना बाजूला टाकावी लागते.

संख्येच्या जागी एक्स (‘पक्षी होता, पण मोजला नाही’ अशी खूण) लिहू देऊ नका. अंदाज चालतो. भोरड्यांचा थवा असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते बघा. चारशे लिहिले आणि प्रत्यक्षात साडेतीनशे असले तरी बिघडत नाही. एक्समधून मात्र एक की हजार हेच कळत नाही. जोडीतल्या एकानेच यादी करायची, ती दुसऱ्याला आणि प्रकल्पाच्या सामाईक खात्याला शेअर करायची. दोघांनी वेगवेगळ्या याद्या केल्या तर तोच खंड्या दोनदा मोजला जातो. शेअर केलेल्या याद्यांना गटक्रमांक असतो, त्यामुळे पुढे प्रती गाळता येतात. स्वतंत्र केलेल्या हाताने शोधाव्या लागतात.

तपासणी दर रविवारी रात्री. फेरी संपल्यावर करू म्हणाल तर कोणाला काही आठवणार नाही. जागा उपचौकटीत आहे का, वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास आहे का, यादी पूर्ण आहे का, एक्स आहे का, पाचाच्या जागी चुकून पंचावन्न पडलेत का. पक्ष्यांकडे सगळ्यांत शेवटी बघा. तालुक्यात गोंधळाचे वीस-पंचवीस पक्षी असतात, त्यांचा एक तक्ता करून आधीच वाटा आणि त्यांच्यासाठी दोन ओळींचं वर्णन सक्तीचं करा: आकार, चोच, पाय, आवाज, आणि त्याच्यासारखा दुसरा पक्षी कशावरून नाकारला. ‘स्पष्ट दिसला’ आणि ‘आमच्याकडे नेहमी असतो’ ही वर्णनं नव्हेत.

ईबर्डची गाळणी एखादी नोंद अडवते तेव्हा लोक रुसतात, ज्येष्ठ जास्त रुसतात. त्या भागात, त्या महिन्यात, त्या संख्येने तो पक्षी अपेक्षित नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे एक स्वयंसेवक तपासनीस विचारणा करतो. त्याला उत्तर द्या, ग्रुपवर त्याचा उद्धार करू नका.

‘फोटो नाही तर नोंद नाही’ हा नियमही लावू नका. छायाचित्रकारांचा हा हट्ट मी खूप ऐकला आहे. पंधरा मिनिटांत फोटोच्या मागे लागलेला माणूस आठ पक्षी लिहितो, कान उघडे ठेवणारा वीस. पावशाचा फोटो कशाला हवा? घरट्याचा तर फोटोही नको आणि जागाही नको, ग्रुपवरसुद्धा नाही. आवाज वाजवून पक्षी बाहेर काढायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा.

आता थोडी पडती बाजू घेतो. सोळा जोड्या जमणार नसतील तर ॲटलास काढूच नका. सहा-सात माणसं असतील तर दहा ठरलेल्या जागा घ्या, त्यातल्या दोनपेक्षा जास्त पाणथळी नकोत, आणि प्रत्येक जागी दर महिन्याला पंधरा मिनिटांच्या चार याद्या. तीन वर्षं हे चाललं तर कोणता पाहुणा कधी येतो-जातो हे नक्की सांगता येईल. आणि बक्षीस म्हणजे सरसकट पाप असंही नाही. भारतात ईबर्डला चालना देणाऱ्या बर्ड काउंट इंडिया या गटाची मासिक आव्हानं बघा, तिथे ठरावीक संख्येने नीट केलेल्या पूर्ण याद्यांना मान आहे. शाळेच्या मुलांना सातत्यासाठी काही द्यायचं असेल तर जरूर द्या. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात जाहीर करायला तेवढं निमित्तही मिळतं.

देणगीदार आधीच तयार असेल तर ती रक्कम पेट्रोलवर आणि ८ बाय ४२ च्या चार दुर्बिणींवर घाला. चौकट अभयारण्यात किंवा राखीव वनात येत असेल तर वन विभागाचं लेखी पत्र फेरीच्या महिनाभर आधी मागा. उसाच्या पट्ट्यात बिबट्या असेल तर झुंजूमुंजू असताना एकट्याला सोडू नका, आणि शेतात शिरण्याआधी मालकाला फोन करा. लांब भिंगाचा कॅमेरा बघून जमीन मोजायला आलेत असं वाटतं लोकांना.