९ व्होल्टवर ५५५ (टायमरची आयसी), ट्रान्झिस्टरची छोटी सर्किट्स करतो. काट्याचा मल्टिमीटर घ्यावा की डिजिटल?

पहिला मीटर डिजिटलच घ्या, पण घेताना त्याचा इनपुट रेझिस्टन्स (व्होल्टेज मोजताना मीटरचा स्वतःचा रोध) १० मेगाओहम आहे ना, हे पाहा. दिसायला सारख्याच असलेल्या अगदी स्वस्त पिवळ्या मीटरांत तो बहुधा १ मेगाओहम असतो, आणि फसगत तिथेच होते.

तुमचंच ५५५ घ्या. वन-शॉट टायमर (एकदा सुरू केला की ठराविक वेळ चालून थांबणारा), ९ व्होल्ट, टायमिंगच्या कपॅसिटरला चार्ज करायला १ मेगाओहम. कपॅसिटर ६ व्होल्टला (पुरवठ्याच्या दोन तृतीयांश) पोचला की आउटपुट बंद होतं. आता पिन ६ (जिथे हा कपॅसिटर जोडलेला असतो) आणि ग्राउंडमध्ये काट्याचा मीटर लावा. २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा होतो. ९ व्होल्ट १ मेगाओहम आणि मीटर यांच्यात वाटले जातात, मग कपॅसिटर १.५ व्होल्टच्या वर जाणारच नाही, आणि टायमर कधीच संपणार नाही. १ मेगाओहमचा डिजिटल लावला तर ४.५ व्होल्टला अडकेल, म्हणजे तोही नापास. १० मेगाओहमवाला ८.१८ पर्यंत जाऊ देतो. टायमर चालेल, फक्त वेळ सुमारे ९ टक्क्यांनी लांबेल. आयसी खराब समजून बदलण्याआधी मीटर काढून बघा, एवढंच.

मग काट्याचा कशाला? बदलणारी गोष्ट बघायला. डिजिटलचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात. व्हॉल्यूमचा पॉट (दांडा फिरवून रोध बदलणारा भाग) तपासताना ओहमच्या x१के रेंजवर मधली आणि कडेची पिन धरून दांडा हळू फिरवा. ट्रॅक खराब असेल तिथे काटा झटका देतो, डिजिटलवर ते निसटून जातं. कपॅसिटर आधी डिस्चार्ज करून त्याच रेंजवर लावा: १०० मायक्रोफॅरडला काटा शून्याकडे झेपावून सावकाश परततो. मध्येच थांबला तर लीकेज, म्हणजे कपॅसिटरमधून करंट गळतोय. इथे एक घोळ हमखास होतो. बहुतेक काट्याच्या मीटरांत ओहमवर काळा प्रोब पॉझिटिव्ह असतो, डिजिटलमध्ये लाल. म्हणून डायोड 'उलटा' दिसतो, आणि इलेक्ट्रोलिटिकच्या प्लसला काळा प्रोब लावावा लागतो. रेंज बदलली की प्रोब एकमेकांना टेकवून शून्य पुन्हा जुळवायचं. जुळत नसेल तर आतले सेल उतरलेत.

अचूकतेत काट्याचा हरतो. त्याचे ३ टक्के पूर्ण स्केलवर मोजतात, म्हणजे ५० व्होल्टच्या रेंजवर ५ व्होल्ट वाचताना दीड व्होल्ट इकडेतिकडे. काटा स्केलच्या उजव्या भागात येईल अशी रेंज निवडा.

डिजिटलच्याही दोन खोडी आहेत. बॅटरी उतरली की बऱ्याच स्वस्त मीटरांत व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. आणि लाल प्रोब १० अँपियरच्या भोकात राहिला असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट असतो. स्वस्त मीटरवर त्या भोकाला फ्यूजही नसतो, त्यामुळे करंट मोजून झाला की प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात.